अठरा मिनिटांची भाषणं खरंच बिघडलीत का? सोसायटीच्या भांडणातून निघालेला हिशोब

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. गणपतीच्या पाच दिवसांतला एक दिवस व्याख्यानाचा, असा जुना नियम आहे. जुना म्हणजे बिल्डिंग काही फार जुनी नाही, पण पहिल्या कमिटीत निम्मे लोक नौपाड्यातून इकडे राहायला आलेले होते, त्यांनी सामानासोबत ही सवयही आणली. यंदाच्या मीटिंगमध्ये तरुण मंडळी म्हणाली की एक तास कोण बसतंय आता, टेड स्टाइल करू, अठरा अठरा मिनिटांचे तीन वक्ते, खाली लाल गालिचा, गालाला चिकटवायचा माईक, मस्त व्हिडिओ पण होईल. सी विंगचे काका उसळलेच. "त्या टेडमध्ये आता काय राहिलंय? पूर्वी शास्त्रज्ञ यायचे, आता जो तो येतो, आपली रडकथा सांगतो आणि शेवटी स्वप्नं बघा म्हणतो." त्यावर ए विंगची इंजिनिअरिंगवाली मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला सगळंच पूर्वीचं चांगलं वाटतं."

मी मिनिट्स लिहीत होते. दोघांचंही लिहिलं आणि घरी आले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण दोघंही बरोबर बोलतायत असं वाटत होतं आणि दोघांचंही कुठेतरी चुकतंय असंही वाटत होतं. म्हणून जरा खणून बघितलं, तेच इथे मांडतेय. (हा लेख मोठ्याने वाचलात तर साधारण अठरा-वीस मिनिटंच लागतील. मुद्दाम नाही केलं, तसं झालं.)

आधी हे टेड म्हणजे नक्की काय

टेक्नॉलॉजी, एंटरटेनमेंट, डिझाइन या तीन शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे टेड. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावात 1984 मध्ये रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी ही परिषद भरवली. पहिल्याच वेळी तोटा झाला आणि दुसरी परिषद व्हायला 1990 उजाडलं. तेव्हा तो निमंत्रितांचा, पैसेवाल्यांचा मेळावा होता, आपल्यासारख्यांना त्याचा पत्ताही नव्हता. 2001 मध्ये क्रिस अँडरसन यांच्या संस्थेने ती विकत घेतली आणि जून 2006 मध्ये त्यांनी पहिली सहा भाषणं इंटरनेटवर फुकट टाकली. खरा स्फोट तिथे झाला.

अठरा मिनिटांच्या नियमामागे अँडरसन यांचं म्हणणं असं की काहीतरी महत्त्वाचं सांगायला तेवढा वेळ पुरतो आणि ऐकणाऱ्याला कंटाळा यायच्या आत संपतं पण. वक्त्याला पैसे मिळत नाहीत. काटछाट करून, तालीम करून, पाठ करून यावं लागतं.

मग 2009 मध्ये टेडएक्स आलं. हे नीट समजून घेऊ, कारण अर्धा गोंधळ इथलाच आहे. टेडएक्स म्हणजे टेडने दिलेला परवाना. तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजात, तुम्ही तुमच्या हिमतीवर कार्यक्रम करा, नाव आमचं लावा, नियम आमचे पाळा, वक्ते मात्र तुम्ही निवडा. परवान्याला पैसे लागत नाहीत. वाशीतल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या सभागृहात जो लाल एक्स दिसतो तो हा. म्हणजे आपण मोबाईलवर "टेड टॉक" म्हणून जे बघतो त्यातलं पुष्कळसं टेडने निवडलेलंच नसतं.

पूर्वी सगळं सोनंच होतं का?

काकांचा मुद्दा आधी घेऊ. आमच्या आजीची पितळी भांडी अजून आईकडे आहेत, ठोकली तर घंटेसारखी वाजतात. आई म्हणते बघ, पूर्वीच्या वस्तू टिकायच्या. पण जी फुटली, चेपली, ज्यांची कल्हई गेली ती भांडी कधीच मोडीत निघाली की! उरली ती चांगलीच असणार, म्हणून तर उरली. संख्याशास्त्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, आपण त्याला "उरलेल्यांचा भास" म्हणू. जे टिकलं तेवढंच बघून आपण त्या अख्ख्या काळाचा अंदाज बांधतो.

भाषणांचंही तेच. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, म्हणजे दीडशे वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या व्यासपीठावर किती भाषणं झाली असतील आणि त्यातली लोकांना किती आठवतात? प्राचार्य शिवाजीराव भोसले हातात कागद न घेता विवेकानंदांवर बोलायचे ते आठवतं, ऐकलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात. पण त्याच काळात कुठल्या तरी गावात "साहित्य आणि समाज" या विषयावर कोणीतरी दीड तास बोललं होतं आणि पहिल्या रांगेतले पाहुणे सोडून सगळे पेंगत होते, ते कोणाच्या आठवणीत राहणार? माझ्या मात्र आहे, कारण आई मला घेऊन गेली होती आणि नंतर वडा देईन म्हणाली होती. वडा मिळाला. भाषणातला एक शब्द आठवत नाही.

टेडचंही बघा. "पूर्वी शास्त्रज्ञ यायचे" असं काका म्हणतात, तर 2006 च्या त्या पहिल्या सहा भाषणांत हान्स रोसलिंग होते, जगाच्या गरिबीचे आणि आयुर्मानाचे आकडे त्यांनी हलत्या बुडबुड्यांनी असे दाखवले की क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतोय असं वाटावं. शाळा मुलांची सर्जनशीलता मारतात का, हे विचारणारे केन रॉबिन्सनही त्यातच. पण त्याच सहांत टोनी रॉबिन्स पण होते! प्रेरणादायी भाषणांचे जगातले सगळ्यात मोठे दुकानदार म्हणा हवं तर. म्हणजे काकांना आजची जी गोष्ट खटकते ती पहिल्या दिवसापासून पंगतीत बसलेली होती, आठवणीने तिला हळूच उठवलं एवढंच.

मग घसरण नाहीच? आहे. पण कशाची, ते बघू

समजा एका मिसळवाल्याची एकच गादी आहे. रोज सकाळी तर्री तो स्वतः करतो, संपली की शटर खाली. नाव होतं. मग तो म्हणतो, माझ्या नावाची पाटी ज्याला पाहिजे त्याने लावा, मसाल्याचा कागद देतो, पैसे नकोत. पाच वर्षांत हजार ठिकाणी पाट्या लागतात. त्यातल्या चाळीस ठिकाणी मिसळ मूळ दुकानापेक्षाही भारी मिळते. बाकी ठिकाणी लाल पाण्यात मटकी. आता मिसळ बिघडली की सुधारली?

आकड्यात बघू, आकडे नुसते समजण्यासाठी घेतलेत. पूर्वी वर्षाला 50 भाषणं, त्यातली 20 उत्तम. आता 5000 भाषणं, त्यातली 200 उत्तम. उत्तम भाषणं दहापट झाली! पण पूर्वी डोळे मिटून कुठलंही लावलं तर शंभरात चाळीस वेळा चांगलं लागायचं, आता शंभरात चार वेळा. ए विंगची मुलगी त्या 200 कडे बघतेय, काका शंभरातल्या चारकडे बघतायत. दोघांचंही गणित बरोबर आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

टेडएक्सचे व्हिडिओ आज लाखाच्या वर आहेत. सगळे तपासणार कोण? टेडलाही हे कळलं होतं. डिसेंबर 2012 मध्ये त्यांनी जगभरच्या टेडएक्सवाल्यांना पत्र लिहून सांगितलं की विज्ञानाच्या नावाखाली भोंदूगिरी व्यासपीठावर आणू नका, वक्त्याला बोलावण्याआधी चौकशी करा. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या एका टेडएक्समधली दोन भाषणं टीका झाल्यावर मुख्य चॅनेलवरून काढून वेगळीकडे ठेवावी लागली, त्यावरूनही मुस्कटदाबी केली म्हणून वेगळा गोंधळ झाला. सांगायचं काय, तर पाटी वाटणं सोपं, तर्रीवर लक्ष ठेवणं कठीण.

टाळ्या कशाला मिळतात

दुसरं कारण जरा कडू आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजातल्या अशाच छोट्या भाषणांच्या कार्यक्रमाला गेले होते, भाचा व्हॉलंटियर होता म्हणून. एक वक्ता आला, दिसायला छान, आवाज छान, आणि त्याने सांगितलं की माणूस मेंदूचा फक्त दहा टक्केच वापरतो, उरलेले नव्वद टक्के जागे करा. अख्खं सभागृह उभं राहिलं. मी पण राहिले, टाळ्या वाजवल्या, घरी येऊन नवऱ्याला पण सांगितलं. हे साफ खोटं आहे. मेंदूचं स्कॅनिंग केलं तर असा निकामी पडलेला नव्वद टक्के भाग कुठेच सापडत नाही, झोपेतसुद्धा मेंदू कामात असतो आणि एखाद्या छोट्याशा भागाला इजा झाली तरी माणसाचं बोलणं किंवा चालणं जाऊ शकतं. मला हे कधी कळलं? दोन वर्षांनी, शेजारच्या डॉक्टर बाईंसमोर हुशारी दाखवायला गेले तेव्हा.

त्या वक्त्याला मी टाळ्या दिल्या, शेजारच्या खुर्चीवाल्याने दिल्या, व्हिडिओला लाईक मिळाले, पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मिळालं. चूक सांगितल्याबद्दल त्याचं काय गेलं? काहीच नाही. आणि त्याच दिवशी एक बाई खाडीतल्या गाळावर आणि कांदळवनांवर बोलल्या, खूप जपून, "आमच्या मोजणीत असं दिसतंय, पण अजून खात्री नाही" वगैरे म्हणत, तेव्हा लोक समोशाची चौकशी करत होते.

माणूस वाईट असतो असं नाही. ज्याला टाळ्या मिळतात ते वाढतं. आता तर अठरा मिनिटांचं भाषण हे बऱ्याच जणांसाठी व्हिजिटिंग कार्ड झालंय, त्यावर पुढे कोचिंगचा कोर्स विकायचा असतो, कंपनीतली ट्रेनिंगं मिळवायची असतात. मग सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं, डोळ्यात पाणी कधी आणायचं, हे सगळं एका साच्यात बसतं. काकांना जी रडकथा वाटते तो साचा आहे, रडकथा खरी असली तरी.

फास्ट लोकल कुठली स्टेशनं गाळते

ठाण्याहून फास्ट लोकल पकडली की दादर पटकन येतं, कारण मधली स्टेशनं ती गाळते. दादरला जाणाऱ्याला उत्तम. नाहूरला उतरायचं असणाऱ्याने मात्र खिडकीतून नाहूर जाताना बघायचं.

छोटं भाषण अशीच स्टेशनं गाळतं, आणि गाळली जाणारी स्टेशनं बहुतेक "पण", "परंतु", "काही वेळा", "अजून नक्की नाही" ही असतात. संशोधनात ही स्टेशनं महत्त्वाची असतात.

एक गाजलेलं उदाहरण. 2012 मध्ये एमी कडी या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने टेडवर सांगितलं की मुलाखतीला जाण्याआधी दोन मिनिटं छाती पुढे काढून, हात कमरेवर ठेवून ऐटीत उभं राहिलात तर शरीरातले हार्मोन बदलतात, धाडस वाढतं. टेडच्या सगळ्यात जास्त बघितल्या गेलेल्या भाषणांपैकी हे एक. आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये पण आम्हाला असं उभं केलं होतं, पन्नाशीचे अकाउंट्सवाले सुपरमॅनसारखे उभे, काय दृश्य होतं ते! तर त्यामागचा 2010 चा मूळ प्रयोग फक्त 42 लोकांवरचा होता. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग 200 लोकांवर परत करून बघितला. असं परत करून बघणं, म्हणजे रिप्लिकेशन, हा विज्ञानातला साधा नियम आहे, एकदा पोळी फुगली म्हणजे कणीक जमली असं नाही, दुसरी-तिसरीही फुगायला पाहिजे. तर तिथे हार्मोनही बदलले नाहीत आणि धाडसही वाढलं नाही, फक्त लोकांना आपण जरा जोमदार आहोत असं वाटलं. 2016 मध्ये मूळ प्रयोगातल्या सहकारी डॅना कार्नी यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. कडी यांनी ते वाटणंही महत्त्वाचं आहे म्हणून आपली बाजू पुढेही मांडली, आणि टेडच्या साइटवर त्या भाषणाला या वादाची टीप जोडलेली आहे. पण टीप कोण वाचतं? भाषण करोडोंनी बघितलं, आणि व्हॉट्सअॅपवर जी क्लिप फिरते तिला टीप चिकटत नाही.

कीर्तन ऐकणाऱ्यांना हे वेगळ्या शब्दांत लगेच कळेल. नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात, तत्त्व उलगडतात, शंका काढतात, त्यांची उत्तरं देतात. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. गोष्ट रंगते ती पूर्वरंगामुळे. आजच्या छोट्या भाषणांनी उत्तररंग तेवढा ठेवला आणि पूर्वरंग काढून टाकला. गोष्ट आहे, डोळ्यात पाणी आहे, निरूपण नाही. खरं सांगायचं तर मला "दर्जा घसरला" यापेक्षा "पूर्वरंग गेला" हे जास्त पटतं.

म्हणजे छोटं ते उथळच ना?

नाही हो. इथे मी तरुणांच्या बाजूने. 19 नोव्हेंबर 1863 ला अमेरिकेत गेटिसबर्गला, यादवी युद्धातल्या शहीद सैनिकांच्या दफनभूमीच्या कार्यक्रमात, त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. मग अध्यक्ष लिंकन उठले, दोनेक मिनिटं बोलले, तीनशे शब्दही नाहीत. आज एव्हरेट यांचं एक वाक्य कोणाला माहीत नाही. आणि हे त्यांचं त्यांनाही कळलं होतं, दुसऱ्या दिवशी त्यांनी लिंकनना पत्र लिहून कबूल केलं की तुम्ही दोन मिनिटांत गाभ्याच्या जेवढं जवळ गेलात तेवढं मी दोन तासांत गेलो असं वाटलं तरी मला आनंद होईल. मोठ्या मनाचा माणूस.

फक्त लिंकनना तिथे काही सिद्ध करायचं नव्हतं, प्रयोग मांडायचा नव्हता. जिथे काही सिद्ध करायचं असतं तिथे दुसरं उदाहरण बघा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये तीन मिनिटांत आपला पीएचडीचा प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली, ती आता जगभर होते. एक स्लाइड, तीन मिनिटं, बस. टेडपेक्षा सहापट छोटं! पण त्या तीन मिनिटांच्या मागे कित्येक वर्षांचं काम आणि मान मोडून तपासणारे गाईड असतात. कोणी विचारलं तर दाखवायला प्रबंध हातात असतो. आपल्या घरची चटणी कशी, चमचाभरच वाढायची असते पण मागे अख्खा डबा असतो. अडचण होते ती जेव्हा चमचाच अख्खा डबा असतो तेव्हा.

आणि उलट्या टोकाचंही एक सांगते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं होतात. मायकेल फॅरेडे, जो लहानपणी पुस्तकं बांधायच्या दुकानात कामाला होता आणि पुढे ज्याने विजेचं सगळं शास्त्रच बदललं, त्याने 1860 च्या नाताळात मुलांना सहा व्याख्यानं दिली. विषय? मेणबत्ती. सहा व्याख्यानं, एक मेणबत्ती. ज्योत का वर जाते, वितळलेलं मेण वातीतून कसं चढतं, जळल्यावर पाणी कसं तयार होतं, सगळं समोर करून दाखवत. आणि आपल्याकडे आता अठरा मिनिटांत विश्वाची उत्पत्ती, भारताचं भविष्य आणि वजन कसं कमी करावं. वेळ कमी आहे यापेक्षा विषय वेळेत मावत नाही, हे जास्त खरं दुखणं आहे. अठरा मिनिटांत अर्धी मेणबत्ती मस्त सांगून होईल.

"लोकांचं लक्षच टिकत नाही, वक्त्याने काय करायचं?"

हे मीटिंगमध्येही आलं. कोणीतरी म्हणालंच की आता माणसाचं लक्ष गोल्डफिशपेक्षाही कमी वेळ टिकतं, आठ सेकंद. हा आकडा तुम्हीही ऐकला असेल. तो पसरला 2015 च्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालामुळे, आणि त्यात तो दुसऱ्याच एका वेबसाइटवरून उचललेला होता. नंतर पत्रकारांनी मागे मागे जाऊन शोधलं तर त्याच्या मुळाशी धड संशोधनच सापडलं नाही. म्हणजे गंमत बघा, लोकांचं लक्ष टिकत नाही हे पटवायला जो आकडा व्यासपीठावरून ऐकवतात तोच न तपासलेला.

आणि आठ सेकंदच लक्ष टिकत असतं तर तीन-तीन तासांचे पॉडकास्ट कोण ऐकतंय? आमच्याकडे जानेवारीत नौपाड्यात सरस्वती शाळेच्या पटांगणात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला होते, थंडीत शाल गुंडाळून माणसं येतात. तिथे तरुण कमी असतात हे खरं, पण जे येतात ते ऐकतात.

बदललंय ते आजूबाजूचं. जून 2020 च्या शेवटी भारतात टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स, तेही आधी भारतातच. आता अठरा मिनिटांचं भाषण हेच लांबण वाटायला लागलंय आणि त्यातले साठ सेकंद कापून फिरतात. काकांनी ज्या भाषणांवरून मत बनवलं ती त्यांनी पूर्ण बघितलीत का, असं मी नंतर लिफ्टमध्ये विचारलं. म्हणाले, "नातू पाठवतो ना ते." म्हणजे क्लिपा. वरणाचा वास घेऊन वरण बिघडलंय म्हणण्यातला प्रकार, पण त्यांनाच काय नावं ठेवायची, मी पण तेच करते.

मला जे सगळ्यात खटकतं ते वेगळंच

एवढं सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की भाषण किती मिनिटांचं यावर आपण उगाच भांडतोय. भाषण संपल्यानंतर काय होतं, ते बघा.

टेडच्या साच्यात भाषण संपलं की टाळ्या, दिवे, पुढचा वक्ता. समोर बसलेल्याला विचारायची सोय बहुतेक वेळा नसते. आपल्याकडे ठाण्यात कट्टे आहेत, आचार्य अत्रे कट्टा आहे, ब्रह्मांड कट्टा आहे, अशा ठिकाणी वक्ता आणि ऐकणारे यांच्यात फार अंतर नसतं, वक्ता खाली उतरला की लोक घोळका करून उभे राहतात. ग्रंथालयांच्या छोट्या कार्यक्रमांत चिठ्ठ्या पाठवायची पद्धत असायची. एखादे निवृत्त मास्तर उठून म्हणायचे, "आपण 1857 म्हणालात, ते 1858 आहे." वक्ता घाम पुसायचा. पण पुढच्या गावात तो 1858 म्हणायचा!

मला दहा टक्के मेंदू सांगणाऱ्या त्या माणसाला तिथेच कोणी विचारलं असतं की हे कुठल्या संशोधनात आहे, तर? थेरानॉस ही रक्ततपासणीची अमेरिकन कंपनी काढणारी एलिझाबेथ होम्स 2014 मध्ये टेडमेड नावाच्या वैद्यकीय परिषदेत बोलली होती, बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात ढीगभर तपासण्या, जवळच्या माणसांना फार लवकर निरोप द्यावा लागणार नाही असं जग, वगैरे. भाषण म्हणून ते चांगलंच होतं. पण तिच्या कंपनीचं तपासणीचं मशीन सांगितलं तसं चालतच नव्हतं, आणि जानेवारी 2022 मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल कोर्टाने तिला दोषी ठरवलं. त्या सभागृहात एखाद्या पॅथॉलॉजी लॅबवाल्याला माईक मिळाला असता तर सगळं थांबलं असतं असं मी म्हणत नाही, पण निदान एक अवघड शांतता तरी रेकॉर्ड झाली असती.

"खाली कमेंट असतातच की"

असतात, पण कमेंटला उत्तर द्यायला वक्ता बांधील नसतो. समोरासमोर विचारलं की माणूस एकतर उत्तर देतो, नाहीतर टाळतो, आणि टाळलेलं सगळ्यांना दिसतं. कमेंटमध्ये चांगला प्रश्न चारशे "खूप प्रेरणादायी सर" च्या खाली गाडला जातो.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. प्रश्नोत्तरं म्हणजे डोकेदुखी. "माझा प्रश्न नाही, मला फक्त दोन शब्द बोलायचेत" म्हणून उठणारे गृहस्थ प्रत्येक सभागृहात राखीव सीटवर असतातच, ते वीस मिनिटं स्वतःचं आत्मचरित्र सांगतात. आभार प्रदर्शनवाला घड्याळ दाखवतो. नाट्यगृहाची वेळ संपलेली असते, वॉचमन दिवे घालवायला लागतो. मोठ्या व्याख्यानमालांतही म्हणूनच प्रश्न बऱ्याचदा राहून जातात, सगळं खापर टेडवर फोडण्यात अर्थ नाही, आपल्या सत्कार-शाल-श्रीफळवाल्या कार्यक्रमांनी हे आधीच सुरू केलं होतं. यावर उपाय सोपा आहे, चिठ्ठी. चिठ्ठीवर आत्मचरित्र मावत नाही.

तर मीटिंगमध्ये काय ठरलं

पुढच्या मीटिंगला मी हे सगळं सांगायला गेले, पाच मिनिटांत सेक्रेटरींनी थांबवलं कारण पार्किंगचा विषय राहिला होता. पण ठरलं ते असं. वक्ता एकच. सिव्हिलमध्ये बरीच वर्षं काम केलेल्या एक डॉक्टर बाई आहेत, विषय मधुमेह, तोही सगळा मधुमेह नाही, फक्त "जेवणानंतर साखर का वाढते". भाषण अठरा मिनिटं, म्हणजे तरुण खूश. मग पस्तीस मिनिटं प्रश्न, चिठ्ठ्यांवर, नाव लिहिलं नाही तरी चालेल, कारण साखरेचे प्रश्न लोक नाव लावून विचारत नाहीत. बाईंना आधीच विचारलं होतं की चालेल ना, तर त्या म्हणाल्या चालेल, पण जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणेन, मग कोणी नाराज व्हायचं नाही.

चिठ्ठ्या वाचायचं काम काकांनी स्वतःहून मागून घेतलं, पण ते चिठ्ठी वाचताना स्वतःचं घालतील अशी ए विंगच्या मुलीला शंका आहे म्हणून ती शेजारी बसणार आहे. मंडपवाल्याला गालावरचा माईक नको म्हणून कळवलं. साधे दोन सांगितलेत, एक वर आणि एक खाली फिरवायला, उलट प्रश्न असला तर.